वसुबारसेच्या आधीचे दिवस

मराठी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकटीत दोन काळ शेजारी शेजारी राहतात. मोठा, ठळक आकडा तारखेचा. त्याच चौकटीत बारीक टायपात तिथी, नक्षत्र, चंद्रोदय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, आणि तेव्हापासून पिढ्यांच्या डोळ्यांना ही जोडचौकट इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातला ताण सहसा जाणवत नाही. घरात सहा-सात वर्षांचं मूल असलं की तो जाणवू लागतो. मुलाचा आठवडा ठळक अक्षरांवर चालतो: सोमवार-बुधवार ॲबॅकस, मंगळवार-गुरुवार तबला, शनिवारी चित्रकला, रविवारी सकाळी पोहणं. घरातले सण चालतात त्या बारीक टायपावर. आणि श्रावण लागला की कार्तिकापर्यंत हे दोन्ही काळ एकाच संध्याकाळवर हक्क सांगायला येतात.

पालक या पेचाबद्दल बोलतात तेव्हा तो शिस्तीचा किंवा हौसेचा प्रश्न धरून बोलतात. फी भरली आहे, खाडा नको, असं एकाचं म्हणणं. वर्षाचा सण आहे, एक दिवस नाही गेलं तर काय बिघडलं, असं दुसऱ्याचं. मला हे भांडण मुळात कालगणनेचं वाटतं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून एखादी तिथी १९ तासांत आटोपते, एखादी २६ तास रेंगाळते. १२ चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात. सौर वर्षाच्या मानाने ११ दिवसांची तूट राहते, आणि ती साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून भरून काढतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी पडली. पुढच्या वर्षी ती ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, बुधवारी. तीन वर्षांत तीन वेगळे वार, आणि तीन आठवड्यांहून जास्त सरक. क्लासच्या वेळापत्रकाला ही हालचाल दिसत नाही. त्याच्या लेखी जूनपासून मार्चपर्यंतचे सगळे बुधवार सारखे असतात.

सात वारांचा आठवडा आपल्याकडे उशिराच रुळला. वाराचा उल्लेख असलेला जुन्यात जुना कालनिश्चित भारतीय कोरीव लेख मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात, एरणच्या स्तंभावर आहे. गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळचा, इ. स. ४८४ चा. त्यात आषाढ शुद्ध द्वादशी आहे आणि गुरुवारही आहे. वार दगडावर उमटला तो तिथीच्या सोबतीनेच. पुढे चौदाशे वर्षं आपल्याकडे बाजाराचे वार होते, उपासाचे वार होते, देवांचे वार होते. सगळ्यांचा मिळून एक सुट्टीचा वार मात्र कष्टकऱ्यांना नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत माणसं दिवसच्या दिवस राबत होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभारली, लढा दिला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपला रविवार असा झगडून मिळालेला आहे. यंत्राच्या फेऱ्यातून माणसाला एक दिवस सोडवून घ्यावा, हा त्यामागचा हेतू होता. तोच रविवार आज शहरातल्या लहान मुलाच्या आठवड्यातला सर्वांत गच्च दिवस झाला आहे. कारण साधं आहे. आईवडिलांना ने-आण करायला तेवढाच मोकळा असतो.

सणाच्या मुख्य दिवशी बहुतेक क्लास बंदच असतात. लक्ष्मीपूजनाला कोणी ॲबॅकसचा तास ठेवत नाही. चतुर्थीला, दसऱ्याला, पाडव्याला मूल घरी असतं, नवे कपडे घालून पाटावर बसलेलं असतं, आणि आपण म्हणतो, चला, सण साधला. माझी समजूत अशी आहे की त्या दिवसात सण फार थोडा असतो. तो खरा असतो आधीच्या दहा-पंधरा दिवसांत, आणि नेमके तेच दिवस मुलाच्या हातून जातात. दिवाळीच्या तोंडावर सहामाही परीक्षा असते. ती संपते तोच संगीत शिकणाऱ्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राची तयारी असते. पोहण्याची आणि क्रिकेटची शिबिरं सुट्टी लागताच भरतात. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या संध्याकाळी, मूल एकदाचं घरात टेकतं तेव्हा फराळाचे डबे भरून झालेले असतात, आकाशकंदील टांगलेला असतो, किल्लासुद्धा कुठून तरी आलेला असतो. सण त्याच्यासाठी मांडून ठेवलेला असतो आणि ते स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखं त्यात शिरतं.

तयारीचा काळ कसा असतो, ते अनारशावरून चांगलं कळतं. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते कपड्यावर सावलीत पसरायचे, पुरते वाळायच्या आत दळायचे, चाळून गूळ मिसळायचा आणि तो गोळा डब्यात मुरायला ठेवायचा. या सगळ्यात हाताचं काम थोडं, थांबणं जास्त. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, मूगडाळ, धणे, जिरे वेगवेगळे भाजावे लागतात, कारण प्रत्येकाचा खमंग होण्याचा क्षण वेगळा असतो आणि तो नाकाला कळतो, घड्याळाला कळत नाही. लहान मुलाच्या उंचीची कामं यात भरपूर असतात. तांदळाचं पाणी ओतून टाकणं. शंकरपाळ्यांच्या लाटीवर कातणं फिरवणं. पाटावर खसखस पसरणं, कारण अनारसा खसखशीवर थापतात आणि तळताना ती बाजू वर ठेवतात, उलटत नाहीत. हे पथ्य कुणी वहीत लिहून देत नाही. आजीच्या शेजारी बसून एखादा अनारसा कढईत विरघळताना पाहिला की ते कायमचं समजतं. मारिया माँटेसोरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात इथेच राहिल्या. ओतणं, चाळणं, पुसणं ही रोजची कामं त्यांच्या पद्धतीत लहान मुलांचे पहिले पाठ मानली आहेत. आज त्यासाठी शहरातल्या शाळांत छोटे पेले आणि छोट्या चाळण्या मांडून ठेवतात. दिवाळीच्या आधीच्या स्वयंपाकघरात तीच कामं खऱ्या तांदळावर आणि खऱ्या पिठावर चाललेली असतात.

तरी फराळ हा मोठ्यांचा असतो आणि मूल त्यात मदतनीस. किल्ला संपूर्ण मुलांचा. म्हणून त्याच्याबद्दल मला सविस्तर लिहावंसं वाटतं. पुण्या-साताऱ्याकडे, कोल्हापुरात, मुंबई-ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत दिवाळीच्या आधी अंगणात, वाड्याच्या चौकात, आता इमारतीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहतात. आधी विटा, दगड, डबर रचायचं. त्यावर गोणपाट. त्यावर चाळून भिजवलेल्या मातीचा लेप. पहिला लेप वाळला की भेगा पडतात, त्या बुजवायला दुसरा. अळीव किंवा मोहरी पेरायची ती आठवडाभर आधी, नाहीतर ऐन नरकचतुर्दशीला डोंगर बोडका राहतो. पाणी हाताने शिंपडायचं, ओतलं तर बी वाहून पायथ्याशी जमतं. बुरुज, पायऱ्या, तटबंदी झाली की मग कुंभाराकडून आणलेले मावळे, तोफा, आणि सगळ्यांत शेवटी सिंहासनावर महाराज.

या कामाला तास पुरत नाहीत, सलग दिवस लागतात. साडेपाच ते साडेसहा असा कापलेला वेळ किल्ल्याच्या कामी येत नाही. हात धुऊन मूल तबल्याला गेलं आणि परत आलं, तोवर लेप वाळून गेलेला असतो, किंवा बाकीच्यांनी दरवाजा भलत्याच बाजूला काढलेला असतो. आणि दरवाजा कुठे काढायचा हाच तर खरा अभ्यास असतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बांधला आहे की खालून येणाऱ्याला तो सहजी दिसू नये. पुस्तकात हे वाक्य वाचून मूल पुढे जातं. मातीत तो दरवाजा करायला बसलं की शत्रू कुठून चढेल, त्याला वळण कुठे द्यायचं, वरून दगड कुठून लोटता येतील, याचा विचार करावाच लागतो. राजगड घ्यायचा ठरला तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. चार मुलांना चार कामं मिळतात, आणि सुवेळा माची किती लांब ओढायची यावरून दोन दिवस भांडण चालतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी. डोंगर, जंगल, पठार, किनारा, बेट अशा निरनिराळ्या भूभागांचा संरक्षणासाठी करून घेतलेला उपयोग हा त्या निवडीचा गाभा होता. जागेचा असा उपयोग करून घेण्याचा विचार महाराष्ट्रातली मुलं पार्किंगच्या चार फूट जागेत करत आली आहेत. बाजारात आता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. ज्या घराला माती मिळत नाही, जागा मिळत नाही, त्याने तो आणला तर मला समजतं. मूल रोज संध्याकाळी बाहेर असतं म्हणून तो आणावा लागला, तर मात्र वाईट वाटतं.

गोव्यात चवथीच्या आधी असंच माटोळीचं असतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, रानातली कांगलां अशी फळं-पानं बांधायची. त्यासाठी आदल्या एक-दोन दिवसांत रानात, डोंगरावर हिंडावं लागतं. कोणतं फळ कुठल्या उतारावर मिळतं हे वडीलधाऱ्यांच्या मागून चालताना मुलाला कळतं. चवथीच्या सकाळी माटोळीखाली उभं राहून फोटो काढला तर त्यातलं काहीच कळत नाही. भोंडल्याचंही तसंच. पूर्वी नवरात्रात तो रोज वेगवेगळ्या घरी फिरायचा, काही ठिकाणी खिरापतीही दिवसागणिक एकेक वाढायच्या, आणि डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखण्यात मुलींची हुशारी पणाला लागायची. आता बहुतेक सोसायट्यांत तो एका रविवारी तासाभरात उरकतो. गाणी सगळी होतात. रोजची वाट पाहणं तेवढं गळून जातं.

आपल्या जुन्या अध्ययनपरंपरेला खाडा परका नव्हता. तिने तो नियमातच घेतला होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी हे वेदपाठ बंद ठेवण्याचे दिवस, म्हणजे अनध्याय, सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत तात्कालिक अनध्यायांची संख्या ३७ आहे. वीज कडाडली, धूळ उडाली, धुकं पडलं, धावपळ चालू असली, इतकंच काय, घरी कुणी शिष्ट माणूस आला तरी पाठ थांबवावा. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात हनुमान सीतेच्या कृशपणाचं वर्णन वानरांपुढे करतो, तेव्हा तो उपमा देतो प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या विद्येची. तशा माणसाची विद्या जशी रोडावते, तशी ती रोडावली आहे. नको त्या दिवशी केलेला अभ्यास विद्येला क्षीण करतो, ही समजूत त्या काळी इतकी सर्वांच्या ओळखीची असली पाहिजे की कवीला तिची उपमा करता आली.

ती विद्या मूठभर घरांतल्या मुलग्यांपुरती होती. मुलींना आणि बहुसंख्य समाजाला तिची दारं बंद होती. त्यामुळे त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण अनध्यायातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो सगळ्यांना एकाच वेळी लागू असे. पाठ थांबला तर सर्वांचा थांबला, म्हणून थांबल्यामुळे कुणी मागे पडत नसे. आज दिवाळीआधी चार दिवस मूल क्लासला गेलं नाही तर त्याची बॅच पुढे सरकते. खाडा त्या एका मुलाच्या खात्यावर पडतो आणि मग तो भरून काढायला जादा तास लागतो. आईच्या पोटात जो गोळा येतो तो त्या चार तासांत बुडणाऱ्या विद्येपायी येत नाही. बाकीची मुलं पुढे जातील, या भीतीने येतो. एकेकट्या घराने कितीही निर्धार केला तरी ही भीती घालवता येत नाही. सगळे मिळून थांबले तरच ती जाते. म्हणून हा प्रश्न प्रत्येक आईवर वेगवेगळा सोपवणं मला अन्यायाचं वाटतं.

क्लासची बाजूही तितक्याच मनापासून मांडायला हवी. घर सगळं शिकवू शकत नाही. ज्या घरात कुणी वाद्याला हात लावला नाही, तिथली मुलगी आज तबल्यावर तीनताल वाजवते. विहिरी बुजल्या, नद्यांत उतरवत नाही, तेव्हा पोहणं शिकायला तलावच हवा आणि तलावाला वेळापत्रक आलं. नागपूरची दिव्या देशमुख पाच वर्षांची असताना बुद्धिबळ शिकू लागली आणि जुलै २०२५ मध्ये, १९व्या वर्षी, बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकली. एवढी मजल सातत्याशिवाय गाठता येत नाही, आणि कुठल्या मुलात काय दडलं आहे हे सातव्या वर्षी कोण सांगणार? शिवाय शाळा दुपारी सुटते, आईवडील संध्याकाळी परततात. मधल्या वेळात मूल सुरक्षित कुठे राहील, या प्रश्नाचं उत्तर म्हणून कितीतरी घरांत क्लास आलेला असतो. आणि परंपरा जपायला हवी असं जोरात म्हणणाऱ्या घरात भाजणी कोण भाजत होतं, पहाटे चारला उठून उटणं कोण कालवत होतं, हेही विचारलंच पाहिजे. पंधरा दिवसांची तयारी आजवर बाईच्या पाठीवर होती. नोकरी करणारी सून फराळाची ऑर्डर बचत गटाला देते तेव्हा चार बायकांच्या घरी दिवाळी होते. त्यात मला उणं काही दिसत नाही.

तेव्हा काय करावं? दोन्ही थोडंथोडं, असं उत्तर लोक देतात. त्याने दोन्ही अर्धवट राहतात. माझ्या पुतणीच्या घरी मी पाहिलं ते मला पटलं. तिची मुलगी सात वर्षांची आहे, मी तिची चुलत आजी. त्या घराने फराळातले बहुतेक जिन्नस विकत घ्यायचं ठरवलं आणि शंकरपाळे तेवढे घरी ठेवले, कारण ते मुलीला संपूर्ण करता येतात. गणपतीत दुर्वा निवडणं तिचं काम. तीन किंवा पाच पात्यांच्या एकवीस दुर्वा, कोवळ्या, रोज. हे काम तिचं आहे म्हणजे खरोखर तिचंच आहे, ती विसरली तर दुर्वा राहतात. घरात आपल्यावाचून अडणारी अशी एखादी गोष्ट असली की मुलाच्या बसण्या-उठण्यात फरक पडतो. कुठल्याही क्लासमध्ये, कितीही प्रेमळ शिक्षक असले तरी, मुलावाचून काही अडत नाही. तिथे सगळं त्याच्यासाठी असतं. घरच्या तयारीत ते इतरांसाठी असतं, आणि लहान मुलांना याची भूक किती असते हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघांच्या साथीने बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, माती, जे हाताशी आहे ते शिक्षणाचं साहित्य झालं. अंगणवाडीची कल्पना तिथली. मुलाला उचलून शिक्षणाच्या ठिकाणी न्यायचं, याऐवजी ते जिथे आहे तिथेच शिक्षण शोधायचं, हा त्यामागचा विचार होता.

क्लासमध्ये मिळवलेलं कौशल्य सणात आणावं, असंही सुचवलं जातं. आणावं, पण जपून. गणपतीला जमलेल्या पाहुण्यांपुढे मुलीला तबला वाजवायला बसवलं की घरच्या घरी क्लासचं स्नेहसंमेलन होतं. मूल एकीकडे, सगळे त्याच्याकडे तोंड करून, हातात फोन. आरतीत असं नसतं. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात आणि मुलाकडे कुणी बघत नाही. झांज चुकली तरी आवाजात मिसळून जाते. मूल आरत्या कधी पाठ करतं हे कुणालाच सांगता येत नाही. पाच वर्षांचं असताना ते शेवटचं अक्षर ओढतं, सहाव्या वर्षी धृपद पकडतं, आठव्या वर्षी मोठ्यांना पुढचं कडवं सुचवतं. इथे परीक्षा नाही, श्रेणी नाही, तरी प्रगती आहे. तबला वाजवणाऱ्या मुलीला आरतीचा ठेका धरू द्यावा, जमेल तसा, सगळ्यांच्या गलक्यात. तिच्या हाताला तालीम मिळते आणि तिला मंचावर चढावं लागत नाही.

परदेशात तर ठळक आकड्याने बारीक टायपावर पुरती मात केली आहे. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं गणपती आणि दिवाळी जवळच्या शनिवार-रविवारी साजरी करतात, कारण शाळेचं सभागृह तेव्हाच मिळतं. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी कायद्याने मिळाली आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी ती पहिल्यांदा शाळेच्या दिवशी आली. त्या सुट्टीचं मोल मोठं आहे, ती मागणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ती मागितली. तयारीच्या दिवसांचा प्रश्न तिथेही राहतोच. पण तिथे एक निराळं घडलं आहे. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा हाही एक क्लासच, फी भरून, गाडीने सोडून-आणून. तरी बाराखडीबरोबर भोंडलाही मुलांना बहुधा तिथेच भेटतो. क्लास आणि परंपरा यांचं वैर जन्मजात आहे असं मानणाऱ्याने हे पाहावं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ वं कलम आहे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. विश्रांती, मोकळा वेळ, खेळ, आणि सांस्कृतिक जीवनात सहभाग, हे सगळे हक्क त्या एकाच कलमात एकत्र आहेत. त्यात मोकळा वेळ खेळाच्या आणि सांस्कृतिक जीवनाच्या आधी येतो हे मला योग्य वाटतं. तो नसेल तर बाकीचं कशात घालणार?

माझी मागणी लहान आहे आणि ती क्लास चालवणाऱ्यांकडे आहे, कारण थांबणं सगळ्यांनी मिळून करायचं आहे. जूनमध्ये वेळापत्रक छापताना समोर तिथीही ठेवा. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि वसुबारसेच्या आधीचा एक आठवडा सगळ्याच बॅचना मोकळा द्या, आणि तेवढे तास मे महिन्यात घ्या. फी कमी करू नका, पालक ती देतील. त्या आठवड्यात घरी करायला रियाज देऊ नका. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना बसवू नये. पालकांनी प्रवेश घेतानाच हे विचारावं, दिवाळी चार दिवसांवर आल्यावर नव्हे. पुतणीने या वर्षी तबल्याच्या सरांना जूनमध्येच विचारलं. त्यांनी तिच्या मुलीच्या बॅचला तो आठवडा सुट्टी दिली. सगळी बॅच सुटली, त्यामुळे तिच्या इमारतीतली आणखी दोघं किल्ल्याला आली आहेत, आणि सिंधुदुर्ग करायचा की राजगड यावर तिघांचं जोरात चाललं आहे.